जाहिरात बघून गावं हागणदारीमुक्त झाली? नाही हो

परत तोच मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. म्हणे 2014 च्या आधी खेड्यात स्वच्छतेचा विचारच नव्हता, टीव्हीवर बच्चनसाहेब 'दरवाजा बंद' म्हणाले आणि लोक संडासात जायला लागले. मी गावात वाढलेय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी काही नव्हतं हे साफ चूक. गाडगेबाबा 1956 ला गेले, तोवर दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन असं गावोगाव चालूच होतं. त्यांच्याच नावाने 2000-01 ला आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना ग्रामस्वच्छता अभियान निघालं, तपासणीला कमिटी येणार म्हटलं की आख्खं गाव गटारं उपसायला उतरायचं, शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं मग आपल्याला का नाही, ही चुरस होती. आणि जाहिरातच म्हणाल तर विद्या बालनची 2012 पासून लागतच होती की.

दुसरं, ऐकलं म्हणजे सवय लागली असं नसतं. 'दरवाजा बंद' आली 2017 ला. तेव्हा आमच्या काकूकडे 12 हजारांच्या अनुदानातला संडास उभा होता, आत गोवऱ्या रचलेल्या. जाहिरात तिला तोंडपाठ, आणि पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडे. अडाणी म्हणून नाही हो, पाणी टँकरचं, बाहेर टमरेलभर पाण्यात भागतं तिथे संडासाला बादली लागते, आणि ती बादली वाहून आणणार कोण, तीच ना! दारात नळ आला त्या आठवड्यात तिने स्वतः गोवऱ्या बाहेर काढल्या.

मग टीव्ही-पेपरचा उपयोगच नाही का? आहे, खूप आहे. लोकांना खरी धास्ती खड्ड्याची असते, भरला तर उपसणार कोण, आणि या प्रश्नामागे जात आहे हे सगळ्यांना माहितीय, बोलत कोणी नाही. फेब्रुवारी 2017 ला तेलंगणात गंगादेवीपल्लीला केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि आतलं तयार खत हाताने उपसलं, ते फोटो देशभर गेले. दोन शोषखड्डे असले की एक भरल्यावर दुसरा चालू करायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की मातीसारखं खत होतं, एवढंच आहे ते. हे दाखवा ना रोज बातम्यांच्या आधी, आमच्या आळीत अजून लोक विचारतात, खड्डा भरल्यावर काय करायचं.