जळकं तेल ट्रकच्या टाकीत जाऊ दे, पुन्हा कढईत नको

पुण्यात रोज रात्री जेवढ्या कढया उतरतात, त्या प्रत्येकीत थोडंफार काळं तेल उरतं. त्या तेलाचं पुढे काय होतं, हे बाहेर खाणाऱ्या प्रत्येकाने विचारायला हवं. मला तर विचारावंच लागतं, कारण आमचा धंदाच तळणाचा आहे. नऱ्ह्यात समोसे, कचोऱ्या, बटाटेवडे करणारं छोटं युनिट आहे आमचं. माल कंपन्यांच्या कँटीनला आणि आसपासच्या अमृततुल्यांना जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलमध्ये मिसळता येणारं इंधन, करायची सोय देशात आहे, नियम आहेत, तेल विकत घेणारे कारखानेही आहेत. घोडं अडलंय ते छोट्या धंदेवाल्याच्या मागच्या दारात. तिथून डबा कोण उचलतो आणि काय भाव देतो, यावर ठरतं की ते तेल ट्रकच्या टाकीत जाणार की दुसऱ्या कोणाच्या कढईत.

ज्यांनी मोठी कढई जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सकाळच्या पहिल्या घाण्याला तेल पातळ आणि सोनेरी असतं. समोसे सोडले की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. दिवस कलला की तेच तेल वेगळं वागायला लागतं. फेस बारीक होतो, काठापर्यंत चढतो आणि माल बाहेर काढला तरी खाली बसत नाही. झारा उचलला की थेंब सुटे पडत नाहीत, चिकट तार लोंबते. धूर लवकर येतो आणि नाकाला झोंबतो. आमचे वस्ताद एवढ्यावरूनच ओळखतात. तरीही मी मीटर घेतलाय. त्याची दांडी गरम तेलात धरायची, थोड्या वेळात आकडा येतो. तो असतो तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सचा, म्हणजे तेल तापून बिघडलं की त्यात वाढत जाणाऱ्या द्रव्यांचा. ताज्या तेलात ते १५ टक्क्यांच्या वर असता कामा नयेत, आणि २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली ही द्रव्यं रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे आजार आणि यकृताच्या दुखण्यांशी जोडली जातात. वरून नवीन तेल ओतलं की रंग उजळतो, आकडाही थोडा उतरतो. पण जुनं तेल त्यात तसंच असतं, आणि ते नव्या तेलालाही लवकर नासवतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने वापरलेलं तेल गोळा करून इंधनाकडे वळवायची ‘रुको’ ही मोहीम सुरू केली. २०२२ पर्यंत देशात २२० कोटी लिटर वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा होऊ शकतं, असा तेव्हाचा त्यांचा अंदाज होता. पुढे १ मार्च २०१९ पासून, तळणासाठी रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यायचं, असं बंधन आलं. चांगलं बंधन आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ५० लिटर म्हणजे रोजचे साधारण तीन डबे! सारसबागेजवळच्या गाड्या, कॉलेजांबाहेरचे वडापाववाले, सिंहगड रस्त्यावरची स्नॅक्स सेंटरं, यांतलं कोण रोज तीन डबे तेल लावतं? २५ टक्क्यांची मर्यादा सगळ्यांना आहे, पण तेल गेलं कुठे याचा हिशोब फक्त मोठ्यांना. आणि पुणेकर उभ्या उभ्या जे खातो, ते बहुतेक छोट्यांकडचं असतं.

आम्हीही त्या ५० लिटरच्या खालचे. तेल घेणाऱ्या एका एजन्सीला फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, एवढ्याशा तेलासाठी टेम्पो पाठवणं परवडत नाही, साठवून ठेवा.” त्यांचं गणित मला कळतं. डिझेल जाळून दोन डब्यांसाठी नऱ्ह्यापर्यंत कोण येणार? पण ज्याला परवडतं असा माणूस बरोबर येतो. स्कूटरवर कॅन बांधून. रोख पैसे, पावती नाही, नाव नाही. तेल कुठे जातं विचारलं तर म्हणाला, साबणाला. मग झाकण उघडून रंग बघतो, बोट बुडवून वास घेतो आणि जास्त काळं असलं तर भाव पाडतो. साबणाला एवढा वास घेऊन तेल कशाला निवडायला लागतं? मी त्याला तेल देणं बंद केलं. तो शेजारच्या गल्लीत जातच असणार.

वापरलेलं तेल छोट्या हॉटेलांत, ढाब्यांवर आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर परत येतं, हे एफएसएसएआयनेच रुको आणताना म्हटलं होतं. म्हणजे चकचकीत हॉटेलात ज्या तेलाचं आयुष्य संपलं, त्यात हमालाचा, रिक्षावाल्याचा, पोरांचा नाश्ता तळला जातो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. गाडीवाल्याचा नाही. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, भाव तिकडे चढला की इकडे डबा चढतो, आणि गाडीवाल्याला वडापावचा भाव रुपयाने वाढवतानाही दहा वेळा विचार करावा लागतो. त्याच्या समोर कोणी अर्ध्या किमतीत गाळलेलं तेल आणून ठेवलं तर उपदेशाने काय होणार? ते तेल त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच दुसऱ्या कोणीतरी जास्त भावाने उचललं पाहिजे.

आता या तेलावर गाडी चालते कशी? १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा कल्पना नवी नाही. पण कृपा करून व्हिडिओ बघून गाळलेलं तेल थेट गाडीत ओतू नका. खाद्यतेल डिझेलपेक्षा बरंच घट्ट असतं. इंजेक्टरमधून ते नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, काजळी धरते आणि आजच्या इंजिनाचा खर्च अंगावर येतो. आधी ते पातळ करावं लागतं. त्यासाठी तेल गाळून, पाणी काढून, साधारण ६० अंशाला मिथेनॉल आणि थोड्या कॉस्टिक सोड्याबरोबर ढवळतात. तेलातून ग्लिसरीन सुटं होऊन तळाला बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. मोटामोटी शंभर किलो तेलाला दहा किलो मिथेनॉल लागतं, आणि शंभर किलो बायोडिझेल व दहा किलो ग्लिसरीन निघतं. इतकं थोडं वाया जातं! फार वापरलेल्या तेलात आम्ल वाढलेलं असतं, त्यावर आधी वेगळी प्रक्रिया करावी लागते, नाहीतर कॉस्टिक पडताच साबण होतो. मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेटतं, त्यामुळे हे काम कारखान्याचं, घराच्या गच्चीवरचं नाही. बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे. त्यात बसणारं बायोडिझेल डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं तर इंजिनात काही बदल करावा लागत नाही.

२०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. आपण अजून एक टक्क्यालाही पोहोचलो नाही. दरम्यान या तेलाला आणखी मोठं गिऱ्हाईक आलंय, ते म्हणजे विमान. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन बनवण्यासाठीचं प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं, आणि २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं शाश्वत इंधन एक टक्का मिसळायचं लक्ष्य आहे. म्हणजे मागणी वाढणार. मला याचा आनंद आहे, पण काळजीही आहे. भाव फार चढला की ताजं पाम तेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवायचा मोह होतो, युरोपात बाहेरून येणाऱ्या मालावर तसा संशय घेतला गेलाच आहे. म्हणून कोणत्या दारातून किती लिटर निघालं याची पावती पहिल्या डब्यापासून हवी.

पुण्याला हे जमणार नाही, हे मला पटत नाही. टेकडीवर वाहनं तपासणारी एआरएआय आहे, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आहे, जैवइंधनाचे प्रकल्प जगभर उभारणारी प्राज इथलीच. २०२३ च्या मे महिन्यात देशी कच्च्या मालापासून केलेलं इंधन मिसळून प्रवासी विमान उडालं ते पुण्याहूनच दिल्लीला (ते वापरलेल्या तेलाचं नव्हतं, पण दिशा तीच). आणि दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’सारखी कचरावेचकांची संस्था या शहरात आहे. प्रयोगशाळा आहेत, उद्योग आहे, दारापर्यंत जाणारी माणसं आहेत. महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयांत तेल जमा करायचे ड्रम ठेवावेत, खाऊगल्ल्यांतून ठरलेल्या दिवशी गाडी फिरवावी, आणि भाव दर आठवड्याला फळ्यावर लिहावा. कचरावेचक ताईंना हे काम दिलं तर लिटरमागे पैसे द्या, त्यांच्या खांद्यावर फुकटचं ओझं नको. आणि परवान्याच्या नूतनीकरणाला तेल दिल्याच्या पावत्या बघा, मग छोटा असो वा मोठा.

घरच्या तेलाचंही तेच. दिवाळीत चकल्या-शेवेनंतर उरलेलं तेल मोरीत गेलं की सोसायटीच्या चेंबरमध्ये थिजतं, त्यावर गाळ धरतो आणि मग सगळे मिळून ड्रेनेजवाल्याला बोलावतात. उरलंसुरलं नदीत जातं. सोसायट्यांनी दिवाळीनंतर एक ड्रम ठेवला तरी एकेका सोसायटीत बरंच तेल जमेल.

महापालिका हलेल तेव्हा हलेल. आम्ही नऱ्हे-धायरी भागातले काही तळणवाले आता तेल एकाच गाळ्यात जमवतो. ड्रम भरले की मान्यताप्राप्त संस्थेचा टेम्पो येतो, वजन होतं, प्रत्येकाला आपापल्या लिटरची पावती मिळते. एकट्याला न परवडणारी फेरी सगळ्यांना मिळून परवडते. वडगाव, आंबेगाव, सिंहगड रस्ता या भागात कोणाचं स्नॅक्स सेंटर, मेस किंवा फरसाणाचं दुकान असेल तर मला मेसेज करा. तेल थंड झाल्यावर कापडातून गाळून, कोरड्या डब्यात, झाकण लावून आणायचं. चुरा आणि पाणी अजिबात नको, पाणी असलं की तिकडे सगळी भट्टी बिघडते. कमीत कमी किती, अशी अट नाही. पाच लिटर असलं तरी आणा.