लुगड्याचा काठ आणि सोय: एका प्रतिक्रियेला उत्तर

महाडवरच्या लेखात मी साध्या लुगड्यात जातकारण घुसवलं, असं तुम्ही लिहिलंत. बाया लुगडं आखूड नेसत ते शेतातल्या, चिखलातल्या कामासाठी, एवढीच साधी गोष्ट आहे, असं तुमचं म्हणणं.

अर्धा मुद्दा मला मान्य आहे. कोळणीही लुगडं आखूड नेसतात आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. आखूड लुगडं म्हणजे जातीची खूण, असा निष्कर्ष मी नुसत्या उंचीवरून काढला ही माझी चूक. ते वाक्य मी आजच दुरुस्त करते.

पण काठाचं काय? दलित लेखिका बेबीताई कांबळे ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात सांगतात की महार बायांना लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवून नेसावं लागे. काठ मिरवायचा मान वरच्या जातीतल्या बायकांचा. तुमची प्रतिक्रिया वाचून मी आजीचं इरकली लुगडं पेटीतून काढलं आणि तसं नेसून पाहिलं. काठाची वीण घट्ट. कडेची झीज तोच सोसतो, निऱ्यांना भारही त्याचाच. तो आत दुमडला की निऱ्या फुगतात, चुण्या नीट बसत नाहीत, दोन पावलं टाकली की सगळं पुन्हा खोचावं लागतं. असं नेसून भात कसा लावायचा, मोळी कशी उचलायची? यात कामाची सोय कुठे आहे, मला खरंच दिसत नाही. बाई कोणत्या वस्तीतली हे लांबून कळावं, एवढीच सोय दिसते, आणि ती बघणाऱ्याची.

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या दिवसांत त्यांनी बायांसमोर वेगळं भाषण केलं. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा अस्पृश्यतेची साक्ष देते, ती बदला, असं त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे गोट यांनाही त्यांनी तशीच खूण म्हटलं. ज्या परिषदेत ग्रंथ जाळला, तिथेच नेसण्यावर बोलावंसं त्यांना वाटलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. सवर्ण घरांतल्या लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी बायांना घोट्यापर्यंत लुगडं नेसायला शिकवलं, आणि महाड सोडण्याआधीच कित्येकींनी नेसण बदललं.

शेतं तीच होती, चिखलही तोच. परतल्यावर त्यांना त्यातच राबायचं होतं, तरी त्यांनी लुगडं खाली सोडलं.