फाट्यापर्यंत आलंय

गावाला घर बांधून तिथूनच ऑफिसचं काम करायचं ठरवलंत, हे फार उत्तम केलंत. समोर आंब्याची बाग, मागे खळखळणारा पऱ्या, मांडीवर लॅपटॉप, असं काहीसं चित्र तुमच्या डोळ्यांपुढे असेल. ते तसंच राहू द्या. आंबा मिळेल, पऱ्या मिळेल, मांडी तुमची तुम्ही आणालच. लॅपटॉपही आणा, फक्त तो टाइपरायटरसारखा वापरायची मनाची तयारी ठेवा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून नऊ किलोमीटरवर राहतो. धड खेडं नाही, धड शहर नाही. पिझ्झा येत नाही, पण पिझ्झावर सूट असल्याचा मेसेज येतो. अशा ठिकाणी घरात इंटरनेट कसं घ्यावं, याचं चार वर्षांच्या तपश्चर्येतून मिळालेलं ज्ञान मी इथे फुकट देतोय. आमच्याकडे कोकम सरबतसुद्धा हल्ली फुकट मिळत नाही, तेव्हा कदर करा.

जागा बघायला गेलात की 'इथे नेट आहे का?' असं विचारू नका. 'आहे की!' हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. नेट आहे. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर आहे. देवळाच्या मागच्या पायरीवर आहे. उभं राहिलात तर नाही, बसलात तर आहे. कुठल्या कंपनीचं कार्ड कुठल्या काजूखाली चालतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. घरात आहे का, असं तुम्ही विचारलंच नव्हतं. तरी नेट लावून धरलंत, म्हणजे प्रश्न लावून धरलात, तर मग खरं उत्तर मिळतं : 'फाट्यापर्यंत आलंय.'

हे वाक्य देवघरात लिहून ठेवा. आमच्याकडे एसटी, नळाचं पाणी, डांबर आणि विकास, सगळं फाट्यापर्यंत आलेलं आहे. पुढे चालत जायचं.

तुम्ही अभ्यासू असाल तर सरकारी कागद वाचाल, आणि वाचाच, मन प्रसन्न होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर केली. देशभरातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. पुढे तिचं नाव बदलून भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३मध्ये सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. त्यात दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायच्या आहेत. माझं घर त्या दीड कोटीत आहे असं मी समजून चाललोय. २०११ हे साल कोकणाला एकूणच लाभलेलं दिसतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरणही तेव्हाचंच. त्यामुळे आमच्याकडे कुणी 'लवकरच' म्हणालं की आम्ही पोरांच्या लग्नाची तारीख आणि ती 'लवकरच' असा मेळ घालून बघतो.

तर अर्ज. कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाका. हिरव्या रंगात 'अभिनंदन! तुमच्या भागात आमची सेवा उपलब्ध आहे' असं येईल. हुरळून जाऊ नका. पिनकोड पोस्टाचा असतो, एकेका पिनकोडाखाली कितीतरी वाड्या असतात, आणि त्यातल्या एका बाजारपेठेत सेवा असली की सगळ्यांचं अभिनंदन होतं. पैसे भरा. मग सर्व्हेला एक तरुण मोटारसायकलवरून येईल. तो अंगणात उभा राहून मोबाइलवर नकाशा उघडेल. नकाशा उघडणार नाही. मग तो तुम्हालाच विचारेल, 'दादा, रेंज कुठे येते?' तुम्ही त्याला सड्यावर घेऊन जा. तिथे दगडावर बसून, वारा खात, तो तुमचं घर बघेल आणि सांगेल, 'दादा, फिजिबल नाही.'

या शब्दाला घाबरू नका, रागावूही नका. 'फिजिबल नाही' म्हणजे चहा ठेवा. चहा झाल्यावर कळतं की फाट्यापासून घर सातशे मीटर आहे आणि मध्ये कंपनीचा एकही पोल नाही. लाइटच्या पोलला वायर बांधायची तर परवानगी लागते. तालुक्यातल्या तमाम लाइटच्या पोलांना जे काळं जंजाळ लटकतंय, त्याला ती मिळालेली असावी, असं आपण धरून चालू. राहिली झाडं. पोफळ सरळ असते पण हलते. माडावरून झाप पडतो. फणस उत्तम. दणकट, शांत, जागचा न हलणारा. अडचण एवढीच की फणस तात्यांचा.

इथे घाई केलीत तर घोडं कायमचं पेंड खाईल. तात्यांकडे जाताना विषय घेऊन जायचं नाही. आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी, मग मोहोर कसा आहे, मग वानरांनी काय काय खाल्लं, मग मुंबईच्या भावानं वाटणीत कसं फसवलं. तिसऱ्या भेटीत, निघताना, चपला घालता घालता म्हणायचं, 'ते फणसावरून एक वायर न्यायची होती.' तात्या गप्प होतात. मग विचारतात,

'त्यात करंट असतो?'

'नाही तात्या. त्यात नुसता उजेड असतो.'

'उजेड? दिवसा पण?'

'दिवसा पण.'

'म्हणजे फणसाला रात्रीची झोप नाही.'

यावर विज्ञान सांगत बसू नका. मी बसलो. पूर्ण परावर्तन समजावून दिलं, काचेचा तंतू केसाएवढा असतो म्हणालो. त्यात सहा महिने गेले. शेवटी वहिनींनी आतून विचारलं, 'त्यावर मालिका दिसतात काय?' दिसतात म्हटल्यावर त्याच संध्याकाळी फणस मोकळा झाला. अट एकच : पासवर्ड तात्यांना.

फणसानंतर दोन गडग्यांमधली सामायिक जमीन लागते. सातबाऱ्यावर सतरा नावं. चार वारलेत, एक बोरिवलीला, एक दुबईला, आणि एकाचा ठावठिकाणा देवालाच ठाऊक. बोरिवलीच्या चुलतभावाला फोन केला, तर त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आपली तिथे जमीन आहे. वायरीचं राहिलं बाजूला, 'रोड टच आहे का रे?' हेच चाललं त्याचं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून आमच्या फाट्यापर्यंत यायला त्याला दोन मिलिसेकंदही पुरे होतात. फाट्यापासून माझ्या पडवीपर्यंत यायला चौदा महिने लागले. मधे सतरा वारस असल्यावर प्रकाश तरी काय करणार?

जोडणीचा दिवस मात्र चुकवू नका. ऑफिसातून रजा घ्या, बघण्यासारखं असतं. श्रावण होता, ऊन-पाऊस चाललेला. लाइनमनने पडवीत पोतं अंथरलं आणि त्यावर मांडी ठोकून बसला. शेजारी आमची मांजर. त्यानं वायरीचं काळं साल काढलं, आतलं रंगीत आवरण खरवडलं, तंतू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, छोट्या कटरमध्ये धरून टक्‌कन कापला. कापलेले काचेचे बारीक तुकडे तो एकेक करून चिकटपट्टीला लावत होता. म्हणाला, 'पायात गेला तर दिसत नाही, निघत नाही.' मग दोन टोकं मशिनमध्ये ठेवली. पडद्यावर ती दोन ओंडक्यांसारखी दिसत होती, समोरासमोर सरकत आली, ठिणगी पडली, एक झाली. पडद्यावर जोडातल्या गळतीचा आकडा ०.०२ आला. 'झकास लागला,' म्हणाला. एवढं नाजूक, एवढं नेटकं काम मी गावात फक्त सोनाराच्या दुकानात बघितलंय. पेटीवर हिरवा दिवा लागला. आमच्या हिनं हळदकुंकू आणलं. मी नको म्हणालो नाही.

तो हिरवा दिवा नऊ दिवस होता.

दहाव्या दिवशी लाल. लाल दिवा लुकलुकायला लागला की घरच्यांनी घाबरायचं नसतं, तो आता तुमच्या घरातला एक सदस्य आहे. कारणं ठरलेली असतात. वानरं वायरीचा पूल करतात. एक गेलं तर वायर झुलते, मागून पोरांसकट सगळं कुटुंब गेलं तर वाकते. काच तुटायलाच पाहिजे असं नाही. जास्त वाकली तरी उजेड बाहेर सांडतो. मग लाइनमन मीटर लावून म्हणतो, 'पॉवर येत नाही हो, मायनस तीस दाखवतंय.' उंदीर कुरतडतात. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जेसीबी. फाट्यावर कुणाची ना कुणाची पाइपलाइन चाललेलीच असते, आणि जेसीबीचा दात बरोब्बर तिथे पडतो जिथे तुमचा तंतू आहे. यावर उपाय नाही असं समजू नका. खोदण्याआधी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप मार्च २०२३मध्ये आलेलं आहे. जेसीबीवाल्यानं ते उघडायचं, जागा टाकायची, की खाली कुणाच्या वायरी आहेत त्यांना निरोप जातो. ॲपला नेट लागतं. फाट्यावर नेट त्या खड्ड्याखालूनच येतं. ॲपचं आधी की खड्ड्याचं, हे मी चहाच्या टपरीवर चर्चेला टाकलं. जेसीबीवाल्याचं म्हणणं पडलं, 'साहेब, आपल्याला डिझेलचे पैसे तासावर मिळतात.'

मग तक्रार केंद्र. फोन लावताना सोबत पाण्याचा तांब्या घ्या. पलीकडची मुलगी अतिशय गोड असते आणि तिला तुमची फार काळजी असते. ती राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगते. करा. वायर जमिनीत तुटलीय, मी स्वतः डोळ्यांनी बघून आलोय, दोन टोकं खड्ड्यात लोंबतायत, असं सांगू नका. त्यावर ती म्हणते, 'ठीक आहे सर, तरी एकदा बंद करून चालू कराल का?' मी करतो. माझ्या राउटरला आता वाटतं, हाच व्यायाम आहे. नंतर तक्रार क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी तक्रार आपोआप मिटते. वायर तुटलेलीच असते, तक्रार मात्र जोडलेली असते. मिटल्याची खात्री म्हणून तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. घरात रेंज नाही, म्हणून तर वायर घेतली होती. तेव्हा सड्यावर जा, ओटीपी उतरवून घ्या, धावत खाली या. दहा मिनिटांची मुदत असते. माझा उतरतानाचा वेळ आता साडेसहा मिनिटं आहे, डॉक्टर खूश आहेत.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. तुम्ही शंभर एमबीपीएसचे पैसे भरता, ही तुमची हौस. ब्रॉडबँड कशाला म्हणावं हे सरकारनं ठरवून दिलेलं आहे : २००४ साली २५६ केबीपीएस, पुढे ५१२, आणि जानेवारी २०२३पासून किमान २ एमबीपीएस. या व्याख्येप्रमाणे मी पहाटे तीन ते पाच ब्रॉडबँड ग्राहक असतो. नाचणीची भाकरी भाजतो, बैठकीची फाइल चढवतो, तोवर उजाडतं.

हो, पर्याय आहेत. दुसऱ्या कंपनीचं फायबरही घ्या, ते त्याच फणसावरून येईल. छपरावर बसवायची मोबाइलची पेटी घ्या, लाइट गेली की टॉवरही तासाभरात मान टाकतो. आकाशातल्या उपग्रहाची वाट बघा. वाट बघण्याची सवय तर झालीच आहे. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा उत्तरेकडे दापोली-मंडणगडात पोलच्या पोल आडवे झाले आणि कित्येक दिवस ना दिवा होता ना फोन. त्याच पावसाळ्यात ऑनलाइन शाळाही सुरू झाली. पोरं छत्री घेऊन डोंगरावर बसली, पेपरांत फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकावर आमची बरीच वर्षं निघाली.

एक राहिलं : गणपती. चाकरमानी येतात. घरात सतरा माणसं, एकवीस फोन. आल्या आल्या पाणी मागायचे, आता पासवर्ड मागतात. तो अगोदरच पाटावर खडूनं लिहून ठेवा. आरतीच्या वेळी मुंबईच्या आत्याला व्हिडिओ कॉल लागतो, आत्या 'जय देव'ला गोठते, ती 'घालीन लोटांगण'ला हलते. तिला वाटतं आमचीच आरती लांबली.

हा लेख मी सड्यावरून पाठवतोय, खाली सकाळपासून लाल दिवा आहे. तुम्ही याल तेव्हा इथेच भेटू. येताना गोणपाट आणा, दुपारी कातळ तापतो. डावीकडचा सपाट दगड तात्यांचा, तिथे बसू नका, साडेसातला त्यांची मालिका असते. खाली वाय-फाय असलं तरी ते त्यावर विश्वास ठेवत नाहीत. मधला माझा. उजवीकडचा, झुडपाच्या सावलीतला, अकराच्या पुढे रिकामा सोडा. तिथे ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब लॅपटॉप घेऊन येतात, त्यांना ऑनलाइन दाखले काढायचे असतात.