पन्नास पौंडांचा खून

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मेलबर्नला येऊन आता नऊ वर्षं होतील. रोज सेंट किल्डा रोडवरून ट्रामने ऑफिसला जातो आणि मेलबर्न ग्रामर स्कूलची ती काळ्या दगडाची बिल्डिंग रोज खिडकीतून बघतो, म्हणजे बघतो कसली, मोबाईलमधेच डोकं असतं. तर ह्याच शाळेपाशी एका मध्यरात्री एका माणसाने घोडागाडी थांबवली, खाली उतरला, गाडीवानाला म्हणाला ह्याला तूच पुढे सेंट किल्डाला सोड, आणि चालू पडला. आत उरलेला गडी दारू पिऊन आडवा झालाय असं गाडीवानाला वाटत होतं. सेंट किल्डा जंक्शनच्या चौकात आल्यावर त्याने वरूनच विचारलं कुठे सोडू, उत्तर नाही. खाली उतरून हलवून बघतो तर मेलेला. तोंडावर रुमाल बांधलेला आणि रुमालाला क्लोरोफॉर्मचा वास.

घाबरू नका, कादंबरीतलं आहे. 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब', लेखक फर्गस ह्यूम, साल १८८६. शेरलॉक होम्सची पहिली गोष्ट छापून यायच्या आधीच हे पुस्तक मेलबर्नमधे हातोहात खपत होतं, आणि मला मात्र हे नाव गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. लहानपणी वाचनालयातून रहस्यकथांची पॉकेटबुकं दिवसाला दोन ह्या स्पीडने संपवणारा माणूस मी, लाज वाटली राव.

आता हॅन्सम कॅब म्हणजे काय ते सांगतो कारण त्याशिवाय खुनातली गंमत कळत नाही. आपला टांगा डोळ्यासमोर आणू नका, टांग्यात गाडीवान पुढे बसतो. हॅन्सम कॅबला दोन चाकं, पॅसेंजर पुढे बसणार आणि गाडीवान मागे, तोही वर उंचावर, लगाम टपावरून पुढे गेलेले. बोलायचं असेल तर टपाला एक छोटी झडप असते तिच्यातून बोलायचं. म्हणजे शहरातल्या मोठ्या रस्त्यावरून गाडी चाललीये, आत दोन माणसं आहेत, आणि गाडी चालवणाऱ्यालाच आत काय चाललंय ते दिसत नाही! ह्यूमने बाकी काही नसतं केलं आणि एवढंच शोधलं असतं तरी मी त्याला सलाम ठोकला असता. रोज हजार लोक बघतात ती गाडी, आणि हिच्यात खून करता येईल हे सुचलं ह्या एका कारकुनाला.

हो, कारकूनच. १८५९ ला इंग्लंडमधे जन्म, बाप वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला. पोरगं लहान असतानाच सगळं बिऱ्हाड न्यूझीलंडला डनीडनला गेलं, तिथे पुढे बापाने स्वतःचं खाजगी वेड्यांचं इस्पितळ काढण्यात हात घातला. फर्गस वकिली शिकला, सनद मिळाली आणि १८८५ ला लगेच मेलबर्नला येऊन एका बॅरिस्टरकडे क्लार्क म्हणून चिकटला. पण डोक्यात वकिली कुठे होती, डोक्यात नाटक! नाटकं लिहायची होती त्याला, आणि इथले थिएटर मॅनेजर ह्या नवख्या पोराचं स्क्रिप्ट उघडूनसुद्धा बघेनात. मग त्याने विचार केला की आधी कशाने तरी नाव करू, मग नाटकवाले आपोआप दारात येतील. गेला शहरातल्या एका मोठ्या पुस्तकवाल्याकडे आणि सरळ विचारलं, बाबा तुझ्याकडे सगळ्यात जास्त काय खपतं? तो म्हणाला गाबोरिओच्या डिटेक्टिव्ह गोष्टी. गाबोरिओ हा फ्रेंच लेखक, ह्यूमने त्याचं नाव पण ऐकलेलं नव्हतं. ह्याने त्याची होती नव्हती तेवढी पुस्तकं, अकराच्या आसपास, विकत घेतली, वाचून काढली आणि तसलंच एक लिहायला बसला.

हे सगळं तो स्वतः सांगतो, पुढे काढलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत. ती प्रस्तावना कादंबरीइतकीच भारी आहे, कुठलाही आव नाही. म्हणतो, पहिल्या खर्ड्यात खुनी इतका उघड दिसत होता की सगळी गोष्ट पुन्हा नव्याने लिहिली आणि एक नवीन माणूस घुसवला. (कोण ते सांगणार नाही, शिव्या खायच्या नाहीयेत मला.) मग हस्तलिखित घेऊन दारोदार फिरला तर एकाने उघडून बघितलं नाही. कारण काय तर कॉलनीतला, म्हणजे ब्रिटिश वसाहतीतला, माणूस वाचण्यासारखं काही लिहूच शकत नाही. हे म्हणणारे लोक स्वतः त्याच कॉलनीत धंदा करत होते! शेवटी स्वतःच्या खिशातून ५००० प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग, आणि त्याच्या सांगण्यानुसार तीन आठवड्यात संपल्या. तेव्हा मेलबर्नची वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर, म्हणजे हिशोब करा.

आणि आता तो प्रसिद्ध भाग. चारदोन सट्टेबाज मंडळी आली, पुस्तकाचे हक्क मागितले, ह्यूमने ५० पौंडांना विकून टाकले. त्यांनी 'हॅन्सम कॅब पब्लिशिंग कंपनी' काढली, १८८७ ला पुस्तक लंडनला नेलं, जाहिरातींचा धुरळा उडवला आणि काही महिन्यांत तीन लाखांच्या वर प्रती गेल्या. २० शिलिंगचा एक पौंड, म्हणजे छापील किंमतीने १५ हजार पौंडांचा माल. लेखकाला त्यातलं काय मिळालं? ठणठण गोपाळ. अजून एक गंमत मला वाचताना दिसली. कादंबरीत खुन्याला पकडून देणाऱ्याला १०० पौंडांचं बक्षीस जाहीर होतं. म्हणजे पुस्तकातला खुनी पुस्तकापेक्षा दुप्पट महाग!

हे आमच्या वाचनवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर धडाधड हसणारे इमोजी, आणि एकाने लिहिलं 'येडा होता का हा?' एका दादांनी तर कॉपीराइटवर लेक्चरच दिलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून ही पोस्ट.

मला नाही वाटत तो येडा होता. तुम्ही त्याच्या जागी बसून बघा ना. सगळ्यांनी हाकलून दिलेलं पुस्तक, छपाईचा खर्च स्वतःचा, आपल्या शहरात खपलं ठीक आहे पण लंडनमधे ह्या परक्या गावातल्या खुनाची कोणाला पडलीये? आणि समोरचा माणूस रोख ५० पौंड देतोय. त्याच १८८६ साली इंग्लंडमधे बसलेल्या कॉनन डॉयलने 'अ स्टडी इन स्कार्लेट' किती ला विकलं माहितीये? २५ पौंड, सगळ्या हक्कांसकट. म्हणजे होम्सच्या बापापेक्षा आपल्या क्लार्कने दुप्पट घेतले. डॉयलला कोणी येडा म्हणत नाही कारण त्याने पुढे वसूल केले. आणि हो, ह्याच डॉयलने आईला लिहिलेल्या पत्रात हॅन्सम कॅबला चक्क फसवणूक म्हटलंय, अगदी कमजोर गोष्ट, नुसत्या जाहिरातीवर खपवलेली. पोटात दुखत असणार, दुसरं काय. पण जाहिरातीबद्दल तो खोटं बोलत नव्हता, आणि माझंही तेच म्हणणं आहे, की ती जाहिरात त्या सट्टेबाजांनी केली, रिस्क त्यांची होती, ते नसते आले तर पुस्तक मेलबर्नच्या रद्दीत गेलं असतं. गेलंच म्हणा जवळजवळ, पहिल्या आवृत्तीच्या प्रती आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

माझ्या मते त्याचं खरं नुकसान ५० पौंडांत झालंच नाही, ते झालं १८८८ ला, बोटीत बसून इंग्लंडला कायमचा गेला तेव्हा.

हे असं का म्हणतो ते सांगतो. हॅन्सम कॅब मी एकदा भराभर वाचली आणि मग दुसऱ्यांदा मोबाईलवर नकाशा उघडून वाचली. खरं सांगू का, रहस्यकथा म्हणून ठीकठाक आहे. योगायोग भरपूर, नायिका सारखी भावनेने पिवळी पडते, आणि नायकावर खुनाचा आळ आलेला असताना तो स्वतःला वाचवणारी गोष्ट बोलायला तयार नाही, कारण काय तर इज्जत. दोनदा ओरडलो मी, अरे बोल की लेका! चिनी वस्तीचं वर्णन आज वाचताना कसंतरी होतं, ते त्या काळातल्या गोऱ्या माणसाच्या नाकाने लिहिलंय. पण शहर! शहर काय उभं केलंय. पहिलं प्रकरण म्हणजे 'आर्गस' पेपरातली बातमीच आहे, आणि आर्गस हा तेव्हाचा इथला खराखुरा पेपर. मयताला गाडीत बसवतात ती जागा म्हणजे कॉलिन्स स्ट्रीट आणि रसेल स्ट्रीटचा कोपरा, स्कॉट्स चर्चच्या बाजूला, बर्क आणि विल्स ह्या जुन्या शोधप्रवाशांच्या पुतळ्यापाशी. चर्च अजून तिथेच आहे. पुतळा मात्र ज्या वर्षी पुस्तक आलं त्याच वर्षी केबल ट्रामचे रूळ टाकायला तिथून हलवला, नंतर अजून फिरवला, आणि २०१७ ला मेट्रोच्या बोगद्यासाठी पुन्हा काढला. दोनदा रुळांनी हाकललेला पुतळा, कादंबरीत मात्र जागचा हललेला नाही.

आणि मग तो डिटेक्टिव्ह वकिलाला घेऊन लिटल बर्क स्ट्रीटच्या मागच्या बोळात शिरतो ते प्रकरण. वरच्या बाजूला बर्क स्ट्रीटवर दिवे, थिएटरं, गर्दी, आणि एक गल्ली ओलांडली की अंधार, चिखल, एका खोलीत मरायला टेकलेली दारुडी म्हातारी, मदर गटरस्नाइप, सगळ्यांच्या आयाबहिणी काढतेय. ह्यूम म्हणतो की कित्येक रात्री त्याने त्या गल्लीत काढल्या मटेरियल गोळा करायला, ही म्हातारी त्याला तिथेच सापडली, आणि तिची भाषा इतकी हुबेहूब उतरली होती की नंतरच्या आवृत्तीत सौम्य करावी लागली. कादंबरीतला वकील आणि दोन्ही घरमालकिणी पण ओळखीतल्या खऱ्या व्यक्ती. आणि हे शहर तेव्हा सोन्यावर आणि जमिनीच्या भावांवर फुगलेलं, 'मार्व्हलस मेलबर्न' म्हणून मिरवणारं. त्या मिरवणाऱ्या शेठच्या बंगल्यातून निघालेला धागा थेट त्या म्हातारीच्या खाटेपर्यंत जातो, हीच तर खरी गोष्ट आहे. खून आपला निमित्ताला.

आता इंग्लंडला गेल्यानंतरचं बघा. १३० च्या वर कादंबऱ्या लिहिल्या हो त्या माणसाने! लगेच १८८८ ला 'मॅडम मायडस', ती चांगली आहे, कारण ती अजून व्हिक्टोरियातल्या, म्हणजे मेलबर्नच्याच मुलखातल्या, सोन्याच्या खाणीतली आहे, नायिका अॅलिस कॉर्नवेल ह्या खऱ्या खाणमालक बाईवरून घेतलेली. (ह्या बाईंनी लंडनचा संडे टाइम्स विकत घेतला होता, त्यांच्यावर वेगळी पोस्ट होईल.) १८९८ चं 'हेगर ऑफ द पॉन-शॉप' पण मला आवडलं, लंडनमधलं गहाणाचं दुकान चालवणारी जिप्सी पोरगी, गहाण पडलेल्या एकेका वस्तूमागून एकेक भानगड निघते, आयडिया मस्त. बाकीच्यांपैकी तीन वाचायला घेतल्या, एक पूर्ण केली. कुठलाही बंगला, कुठलंही गाव, मृत्युपत्र, जुळी भावंडं, हरवलेला दागिना. रात्री कुठल्या गल्लीत फिरून आणलेलं त्यात काही नाही. वर्षाला तीन-चार काढायच्या म्हणजे फिरणार कधी? एसेक्समधल्या थंडर्सली नावाच्या खेड्यात राहायचा, तिथेच १९३२ ला गेला, मागे २०१ पौंड ठेवून. नाटकवाला शेवटपर्यंत झालाच नाही. हॅन्सम कॅबचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं, चाललं, पण नाव झालं ते कॅबवाला म्हणूनच, आणि तेही धड त्याच्या एकट्याचं नाही. एका इसमाने चक्क व्हिजिटिंग कार्डं छापली होती, 'फर्गस ह्यूम, हॅन्सम कॅबचे लेखक', आणि खाली तसलंच दुसरं पुस्तक लिहून द्यायचा रेट! दुसऱ्या एकाने तर धमकी दिली होती की पुस्तक माझं आहे, तू लिहिलंस म्हणालास तर गोळी घालीन. ह्यूम लिहितो की आजवर तरी त्याने तो बेत अंमलात आणलेला नाही. असा मिश्किल माणूस.

कोणाला वाचायचीच असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट आहे, पण ती म्हातारी सौम्य केलेली आवृत्ती. मूळ शिव्यांसकट हवी असेल तर पहिल्या आवृत्तीवरून छापलेली शोधा.

परवा शनिवारी मी आणि बायको रात्री मुद्दाम तो सगळा रस्ता चालत गेलो, स्कॉट्स चर्चपासून नदी ओलांडून ग्रामर स्कूलपर्यंत. बायकोने पुस्तक वाचलेलं नाही, ती आईस्क्रीमच्या बोलीवर आली होती. शाळेसमोर मी थांबून दाखवलं, हे बघ इथे तो उतरला. ती म्हणाली बरं, आता आपण चढूया, थंडी वाजतीये. ट्राम आली, अर्धी रिकामी, शेवटच्या सीटवर फिकट रंगाचा कोट घातलेला एक जण काचेला डोकं टेकून गाढ झोपलेला, हात लोंबकळतोय. दोघांनीही एकदमच बघितलं. बायको हळूच म्हणाली, 'अहो, जिवंत आहे ना तो?' जंक्शन येईपर्यंत मी त्याच्या छातीकडे बघत बसलो होतो. मग तो घोरला.