सात मिनिटांचे चारशे युरो: मावशींच्या प्रतिक्रियेला उत्तर

मावशी,

तुम्हीच लिहिलंत "मावशी समज", म्हणून हे संबोधन. मी इथे जर्मनीत रंगमंचावर अंग मागे दुमडून दाखवण्याची कसरत (कंटॉर्शन) करते. त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली ती हॅनोव्हरहून बर्लिनला परतताना गाडीत, आणि चिडले. घरी येऊन पुन्हा वाचली. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सात मिनिटांचे चारशे युरो मिळतात, वर रडगाणं कसलं? कॅबरेला कला म्हणायचं आणि त्याला दोरीच्या मल्लखांबाचं नाव जोडायचं, हे शोभत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: तुमच्या नऊ वर्षांच्या नातीने माझा व्हिडिओ पाहून गादीवर छाती टेकवली आणि पाय डोक्यावरून पुढे आणायला लागली, कारण मी लेखात "दुखत नाही" असं लिहिलं होतं.

पैशांचं आधी सांगून टाकते. चारशेतले ऐंशी एजंटचे. गाडीभाडं चौसष्ट. उरले दोनशे छप्पन्न, त्यातून विमा आणि कर. जर्मनीत कलावंतांसाठी १९८३ पासून एक वेगळी विमा व्यवस्था आहे आणि ती खरंच चांगली आहे: आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धाच हप्ता मी भरते, उरलेला अर्धा सरकार आणि आम्हाला काम देणारे लोक मिळून भरतात. तरी अर्धा म्हणजे कमाईचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

आता ती सात मिनिटं. सकाळी अकराला घर सोडलं. तीनला रंगमंचावर प्रकाशाची तालीम, त्यात अर्धा तास फक्त एका गोष्टीवर वाद: धुराचं यंत्र माझ्या आधीच्या कलाकारासाठी चालू राहणार, आणि तो धूर फरशीवर बसला की हात सरकतात. मी हातांवर उभी राहते, दोन बारीक खांबांवर. सरकून चालत नाही. पाच वाजता अंग गरम करायला सुरुवात, सत्तर मिनिटं, ड्रेसिंग रूममध्ये जागा नाही म्हणून स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, दोन पायमोजे आणि थंडीची विजार चढवून. वेटर ताटं घेऊन माझ्या पायावरून उडी मारून जातात. मग कळलं की कंपनीच्या साहेबांचं भाषण लांबलंय. अंग थंड पडलं. पुन्हा पस्तीस मिनिटं. नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा प्रवेश. त्या दिवशी पोटात दुपारच्या केळ्यापलीकडे काही नव्हतं, कारण मागे वाकलं की जेवण वर येतं.

पोशाख मी स्वतः शिवते. चमकीचे खडे रात्री एकेक करून चिकटवायचे, पण छातीवर आणि गळ्याशी एकही लावायचा नाही, कारण छातीवर उभं राहिलं की ते कातडीत रुततात. हे पहिल्या पोशाखाने शिकवलं. दुसऱ्या दिवशी बिल पाठवायचं आणि तीस दिवस वाट बघायची. डिसेंबरात कंपन्यांच्या नाताळच्या मेजवान्या, आठवड्यात पाच-पाच प्रयोग. जानेवारीत फोन वाजला तर तो आईचा.

कॅबरेबद्दल. हा शब्द उच्चारला की आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमातली धूर, दारू आणि खलनायकाची टेबलं डोळ्यांपुढे येतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या बाबांनाही आधी तेच आठवलं. इथे मात्र तो शब्द फुटून वेगवेगळा झाला आहे. 'काबारेट' म्हणजे शब्दांचा खेळ, राजकारण्यांची टर. १९०१ साली बर्लिनमध्ये त्याचं पहिलं थिएटर निघालं. मी जिथे काम करते ते 'वारिएटे': जादूगार, कसरतपटू, गायिका, सगळे एका संध्याकाळी. १८९५ मध्ये बर्लिनच्या विंटरगार्टन या वारिएटेत अशाच कार्यक्रमाचा एक भाग म्हणून स्क्लादानोव्स्की बंधूंनी पैसे घेऊन चलच्चित्रं दाखवली, पॅरिसच्या ल्युमिएर बंधूंच्या त्या प्रसिद्ध खेळाच्याही आधी. सिनेमा आमच्या पंगतीत जेवून मोठा झाला म्हणा ना. आणि हो, कधी कधी मी पिसं लावून, कमी कपड्यांतही काम करते. ते लपवणार नाही.

मल्लखांबाचं नाव मात्र मी सोडणार नाही. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून वर जाताना मांडीला पडलेले चट्टे माझेच आहेत, दादरला शाळेत असतानाचे. सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली. कसरत आखाड्यातून बाहेर पडून तिकीट लावून दाखवली जाणं आपल्याकडे आजचं नाही.

इथपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. आता तुमचं जे खरं आहे ते.

"दुखत नाही" हे खोटं होतं. प्रयोगानंतर प्रेक्षक येऊन हेच विचारतात, आणि आम्ही सगळे हसून हेच उत्तर देतो. शेवटच्या क्षणापर्यंत चेहऱ्यावर आठी येऊ न देणं हेच तर आम्ही विकतो. ते इतकं अंगवळणी पडलं की लेखातही लिहून गेले.

खरं असं आहे. ताण असतो, तो रोजचा, त्याची मैत्री होते. टोचणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात डावा खुबा टोचायला लागला. खुब्याच्या वाटीची कड फाटली होती, हे मार्चमध्ये एमआरआयवर दिसलं. मधले एकवीस प्रयोग मी गोळ्या घेऊन केले. कुणी जबरदस्ती केली नाही. वर ज्या विम्याचं कौतुक केलं, त्यात आजारपणाचा भत्ता मला त्रेचाळिसाव्या दिवसापासून मिळतो. पहिले सहा आठवडे काही नाही. नोकरदाराला त्या सहा आठवड्यांचा पगार मालक देतो, मला मालकच नाही. सहा आठवडे म्हणजे अख्खा डिसेंबर. म्हणून मावशी, तुमचा पैशांचा प्रश्न आणि दुखण्याचा प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत. तुम्ही त्याला "शरीर मोडायची मजुरी" म्हणालात. त्या डिसेंबरपुरतं ते अगदी बरोबर आहे.

आता नात. तिला ओरडू नका, पण गादीवर ते करू देऊ नका. मऊ गादीत हनुवटी आणि छाती रुततात आणि सगळा भार मानेवर येतो. शिवाय नवशिकं मूल कमरेच्या एकाच मणक्यात वाकतं, तिथे सोपं जातं म्हणून. आम्ही वर्षानुवर्षं शिकतो ते हेच की वाक पूर्ण पाठीत वाटून घ्यायचा, छातीच्या मणक्यांत, खांद्यांत, खुब्यांत, आणि जिथे सहज वाकतं तिथे उलट आवरायचं. माझ्या वेळेचा निम्मा भाग ताणण्यात नाही, ताकदीत जातो. लवचीक सांध्यांना धरून ठेवायला स्नायू लागतात.

तिचा अंगठा मनगटाकडे वाकवून कोपराखालच्या हाताला टेकतो का? कोपर, गुडघे उलटे वाकतात का? डॉक्टर अशा नऊ गुणांची चाचणी घेतात. मला नवापैकी सात मिळाले होते. लहान मुलांना पुष्कळदा जास्त मिळतात, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण सांधे निसटत असतील, रात्री पाय दुखत असतील तर आधी दाखवून घ्या. नाहीतर जवळ मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्सचा चांगला वर्ग शोधा. पहिल्या दिवशी मुलांना ताणून बसवणारा शिक्षक असेल तर परत या.

लेखातली ती ओळ मी काल रात्री काढली, आणि काढल्याचं खाली लिहिलंय. व्हिडिओला सुरुवातीची सत्तर मिनिटं जोडून रविवारी पुन्हा टाकते. त्यात बोळ आहे, वेटर आहेत, मी तोंड वेडंवाकडं करतेय. नातीला तोच दाखवा. दहा मिनिटांत कंटाळली नाही तर मला कळवा.