अव्वल खेळाडू आपल्याच कॉलेजात कसा आणावा (आणि एप्रिलपर्यंत कसा टिकवावा)

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं प्रशिक्षकपद तुमच्या गळ्यात पडलंय. ड्यूक किंवा कॅन्सससारख्या बलाढ्य विद्यापीठात लागला असाल तर पुढचं वाचू नका, तुमचं बरं चाललंय. हे मार्गदर्शन ज्यांच्या जिममध्ये अजून लाकडी बाकं आहेत त्यांच्यासाठी.

आधी खेळाडू हेरायला शिका. तोही पंधरा-सोळाव्या वर्षीच, नंतर उशीर होतो. जुलैत साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावी पीच जॅम भरते, नायकेच्या पंखाखालच्या क्लबांची स्पर्धा. मैदानाच्या कडेला देशभरातले प्रशिक्षक आपापल्या कॉलेजचं बोधचिन्ह छातीवर मिरवत, हाताची घडी घालून ओळीने बसलेले असतात. तुम्हीही बसा. त्या दिवसांत मुलाशी बोलायला नियमाने बंदी असते, त्यामुळे खेळ बघण्यापेक्षा आपण दिसणं महत्त्वाचं. पोराने घाम पुसताना मान वर केली की त्याला तुमचा शर्ट दिसला पाहिजे. डुलकी लागली तरी घडी सोडू नका.

काडीपैलवान दिसला तर मात्र खुशाल मान फिरवा. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलचा महानायक झालेल्या स्टेफन करीच्या बाबतीत मोठमोठ्या कॉलेजांनी हेच शहाणपण दाखवलं. त्याचे वडील डेल करी ज्या व्हर्जिनिया टेकचे नावाजलेले खेळाडू, तिथेही त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही, ये आणि स्वखर्चाने खेळ, एवढंच निमंत्रण. मग डेव्हिडसन नावाच्या चिमुकल्या कॉलेजने त्याला घेतलं आणि २००८ साली त्याने ते कॉलेज दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत नेऊन बसवलं. तरीही पुढच्या वर्षी तो तिथेच खेळला, हे वाक्य पुन्हा वाचा. आज असा करी सापडलाच, तर पहिला हंगाम संपताच त्याचं सामान बांधायला तुम्हालाच दोरी शोधावी लागेल.

पैशाचं काय, विचारताय? पूर्वी पैसे देणं पाप होतं, त्यामुळे ते पाकिटातून जात. १९८८ साली केंटकी विद्यापीठाकडून लॉस एंजेलिसला निघालेलं एक कुरिअरचं पाकीट वाटेत फाटलं. आत एका खेळाडूच्या वडिलांसाठी हजार डॉलर रोख! पाठवल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला त्यांनी तो नाकारला, पण विद्यापीठाला शिक्षा व्हायची ती झालीच. पैसे हे पाप होतं त्या काळातली नियमावली म्हणाल तर सोवळ्यालाही लाजवणारी. मुलांना बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, दिलेला चाले, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते ‘जेवण’ ठरे आणि नियमभंग होई. २०१४ साली कनेटिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपिअर म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो, तेव्हा कुठे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला पोटाची आठवण झाली.

१ जुलै २०२१ पासून हे पाप धुतलं गेलं. आता खेळाडू आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे उघड घेतो. शिवाय २०२५-२६ पासून कॉलेजही थेट देऊ शकतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ‘देऊ शकतं’ यातल्या ‘शकतं’वर रेंगाळू नका, त्रास होईल. बाहेरचा करार ६०० डॉलरच्या वर गेला की तपासणी होते, त्यामुळे गावातल्या टायरवाल्याने एका फोटोसाठी राखीव फळीतल्या पोराला दोन लाख का मोजले, याचं उत्तर तोंडपाठ ठेवा.

हे दोन लाख जमवायला माजी विद्यार्थ्यांचं कलेक्टिव्ह असतं. म्हणजे आपलं वर्गणीचं मंडळच. फरक इतकाच की इथे पावतीपुस्तक घेऊन दारोदार तुम्हीच हिंडायचं आणि मूर्ती मात्र मनात येईल तेव्हा मांडवातून उठून शेजारच्या मंडळात जाऊन बसू शकते. या उठून जाण्याला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२४ पासून अभ्यास सांभाळला की कितीही वेळा बदला, बसणंबिसणं काही नाही. मायामी विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम लारानागांनी २०२३ साली संघ अंतिम चारांत नेला. त्यांच्याच सांगण्यानुसार त्यानंतर आठ खेळाडूंनी पोर्टलची वाट धरली, आणि इथे आवडत नाही का, तर म्हणे खूप आवडतं! पुढच्याच वर्षी डिसेंबरात, ऐन हंगामात, लारानागांनी पद सोडलं. तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका.

परदेशी पोरं आणून खर्च वाचवू, असा बेत असेल तर विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा आठवा. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना तो समजावून सांगायला नको. या व्हिसावर अमेरिकेत काम करून कमवायची सोय जवळपास नाही. पण केंटकीचा ऑस्कर शिब्वे, मूळचा काँगोचा, २०२२ च्या उन्हाळ्यात संघाबरोबर बहामाला गेला आणि जाहिरातींची कामं तिथे उरकून आला. तेव्हा सरावासाठी एखादं बेट निवडा. पैसे टायरवाल्याकडून घ्या.

पैसा असेल तर बाकी काही आड येत नाही. यूटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठात विद्यार्थ्याला दारू नाही, कॉफी नाही, चहासुद्धा नाही. तरी देशातला पहिल्या नंबरचा शाळकरी खेळाडू मानला गेलेला एजे डिबान्सा २०२४ साली तिथे जायला तयार झाला. बिनचहाचं कॉलेज! बातम्यांमध्ये ७० लाख डॉलरचा आकडा फिरत होता. तेवढ्यात माणूस गरम पाण्यावरही दिवस काढेल.

आणि एवढं सगळं करून चुकून जिंकलात तर? २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने, इंडिया स्क्वेअरपासून फार लांब नसलेल्या त्या छोट्या कॉलेजने, पंधराव्या मानांकनावरून केंटकीला घरी पाठवलं आणि शेवटच्या आठांपर्यंत मजल मारली. असं याआधी कुणालाच जमलं नव्हतं. तिथे हरल्यावर तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक शाहीन हॉलोवे जवळच्याच सीटन हॉलला गेले आणि मागोमाग बिनीचे खेळाडू जिकडे तिकडे पांगले. पुढच्या वर्षी न्यू जर्सीच्याच फेअरली डिकिन्सनने सोळाव्या मानांकनावरून पर्ड्यूला हरवलं आणि आठवडाभरात त्यांचे प्रशिक्षक आयोना विद्यापीठाचे झाले. म्हणून मार्चमध्ये जिंकायची जराही शक्यता वाटली, तर घर भाड्यानेच घ्या आणि करार महिन्यामहिन्याचा करा.