अडीच मिनिटांसाठी चार महिने

कालपासून प्रयोगशाळेच्या भिंतीवर रोबोच्या टीमचं वेळापत्रक लागलंय. माझं नव्हे, एका आजोबांचं. माझं मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे, चहाच्या कपाखाली.

सात मुलं, एक रोबो. फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेचा खेळ सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतो. तिथून आराखडा, चेसिस म्हणजे रोबोचा सांगाडा, वायरिंग, कोडिंग, सराव असे १४ आठवडे मी पाच रंगांत कार्डशीटवर मांडले होते. अख्खा रविवार त्यात गेला, ताटातली सुरमई गार झाली.

आजोबा आले होते नातवाचा डबा द्यायला. एसटीचा बोर्ड वाचावा तसं बोट फिरवत त्यांनी माझा कागद वाचला.

"मास्तरांनू, रोबोट केवढो?"

"सामना सुरू होताना १८ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. त्याहून मोठा चालत नाही."

"म्हणजे तांदळाच्या डब्याएवढो. आणि खेळ किती वेळ?"

"अडीच मिनिटं. पहिली ३० सेकंद तो आपला आपण चालतो, मग २ मिनिटं मुलं चालवतात."

आजोबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला.

"अडीच मिन्टांसाठी चार म्हयने? आमचो दशावतार रातभर चलता. संवाद लिवलेले नाय, कागद नाय. संकासूर येता, नाचता, जाता."

"संकासुराला कोड लागत नाही, आजोबा."

"तेका अक्कल आसता."

नातू हसला. हा आमचा प्रोग्रामर!

मग माझ्याच खिशातलं लाल पेन घेऊन ते कामाला लागले. गणपतीत पोरं भजनाला जागणार, चेसिस रद्द. पितृपक्षात नवीन काही जोडायचं नाही, वायरिंग रद्द. पुढे भातकापणी, तिथे तर तीन मुलं सरळ शेतात. नवरात्र मी स्वतःच खोडलं, निदान तेवढा मान राहावा म्हणून. १४ आठवड्यांचे चार उरले. वायरिंगच्या चौकोनावर चुन्याचा अंगठा उठला तो वेगळाच.

मुख्याध्यापक याला पालकांचा सहभाग म्हणाले. ठीक आहे. पण खोलीची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बाजारात, तेव्हा हा सहभाग कुठे असतो? पावसाळी हवेत डब्यातले स्क्रू गंजून एकमेकांना चिकटतात, ते रॉकेलात भिजवत मी एकटाच बसतो. बॅटरी चार्जिंगला लावली की नेमकी वीज जाते. वायरमनकडे लाल पेन घेऊन कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

आजोबांनी स्पर्धेच्या तारखेपुढे बारीक अक्षरांत लिहिलंय, "अवस नाय. जावा."

रात्री पंचांग काढून बघितलं. खरंच नव्हती.